ऐकू न आलेली टिकटिक

अण्णा, मला आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत. नारायणगुड्याच्या डॉक्टरांनी कान तपासले आणि सांगितलं, हे आजकालचं नाही, जन्मभर इंजिनांच्या गोंगाटात राहून हळूहळू गेलंय, आणि गेलेलं परत येत नसतं. मी मान डोलावली, बाहेर येऊन बसस्टॉपवर उभा राहिलो, आणि समोरून बसगाड्या जात राहिल्या तरी कुठल्याच बसमध्ये चढलो नाही. तुमचीच आठवण येत होती.

डॉक्टरकडे जायची वेळ आणली एका गाडीनं. तुमच्या काळी रेसकोर्सवर घोडे पळवणाऱ्या एखाद्या शेठची परदेशी गाडी आली, की तुम्ही गॅरेजसमोर पाणी मारून जागा साफ करून घ्यायचात. मलकपेठेतल्या माझ्या शेडमध्ये आता तसल्याच गाड्या येतात, त्यांहूनही वेगवान. ही गाडी पुण्याहून इथं नोकरीला आलेल्या एका मुलीची. जिवापाड जपलेली, तेल वेळेआधीच बदललेलं. ती म्हणाली, "काका, सकाळी गाडी सुरू केली की खालून टिकटिक येते." मी तेल पाहिलं, पातळी बरोबर होती, रंगही स्वच्छ. लॅपटॉप लावला, त्यात काही दोष दिसला नाही. मग तुमची सळई इंजिनाला टेकवली आणि दुसरं टोक कानाशी धरलं. काही नाही. बाजूला उभा असलेला माझा कामातला जोडीदार म्हणाला, "उस्ताद, मेरेकू आवाज आरी." मी त्याला हातानंच गप्प केलं. तेल काढून बघायला हवं होतं, फिल्टर कापून बघायला हवा होता. पण कानानं निर्वाळा दिल्यावर तसं करायची मला सवयच नव्हती. तिला म्हणालो, गाडी बरी आहे, बिनधास्त जा.

त्याच आठवड्यात बंगळूरच्या रस्त्यावर, भरधाव असताना, आतलं बेअरिंग गेलं. इंजिनाचा दांडा ब्लॉक फोडून बाहेर आला, तेल रस्त्यावर उडालं आणि त्याच तेलावरून तिची चाकं घसरली. गाडी दुभाजकावर आदळली. तिचा हात मोडला. गाडी ट्रकवर घालून माझ्याकडे आली तेव्हा मी खालचं चेंबर उघडलं. उरल्यासुरल्या तेलात सोनेरी चुरा चमकत होता.

असा चुरा तुम्ही मला पहिल्यांदा दाखवलात तो स्वयंपाकघरातल्या परातीत. गाडीतून काढलेलं तेल परातीत ओतून तुम्ही ती अंगणात उन्हाला तिरपी धरता, आई दारातून विचारते की आता भाकरीचं पीठ कशात मळू, आणि तुमचं लक्षच नसतं. चमक दिसली की इंजिन आतून झिजतंय, म्हणता. त्याच हिवाळ्यात मी एका थंड गाडीची नुसती गर्जना ऐकायला ॲक्सिलरेटरवर पाय दाबला होता. तुम्ही धावत येऊन किल्ली ओढून घेतलीत. "तेल अजून वर चढलं नाही. कोरडं फिरवतोस त्याला?" एवढंच बोललात, पण संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाहीत.

ती मुलगी हाताला प्लास्टर घालून शेडमध्ये आली. उघडं पडलेलं इंजिन तिनं बराच वेळ पाहिलं. मी काहीतरी बोलायला लागलो, तर ती हळूच म्हणाली, म्हणजे मला तरी हळू वाटलं, "काका, मला ऐकू येत होतं. तुम्हाला येत नव्हतं का?" ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं गाडी दुसरीकडे उचलून नेली. तेव्हापासून जोडीदार ऐकतो आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावतो.

एके दिवशी भर कामात तुम्ही ती सळई माझ्या हातात दिलीत, "आजपासून तू ऐक" म्हणालात आणि घरी निघून गेलात. पुन्हा गॅरेजची पायरी चढला नाहीत. काचीगुड्याच्या घराच्या ओट्यावर बसून राहायचात, विचारलं एक तर सांगायचात दुसरंच, पुढं पुढं तर नुसतं बघायचात. माझ्या हातात काम दिल्याचा तुम्हाला पस्तावा झालाय, असं घरात सगळे धरून चालले. मीही. म्हणून तुमच्याजवळ बसलो तरी गप्प बसायचो, तुम्ही जाईपर्यंत. तुम्हाला ऐकू येत नव्हतं का, अण्णा? एवढंच होतं? एकदा सांगितलं असतंत तर मी जवळ येऊन मोठ्यानं बोललो असतो. माझ्याकडे बोलायला पुष्कळ होतं.

आता हे कुणाला विचारू, आणि हा कागद तरी कुठं धाडू. शिवाय तुम्हाला बोल लावायचं तोंड मला नाही. मीही घरात कुणाला सांगितलेलं नाही. काल लेकीचा फोन आला होता. ती खूप वेळ खालच्या आवाजात काहीतरी सांगत होती, मग काहीतरी विचारलं आणि थांबली. मी हो म्हणालो. कशाला हो म्हणालो, ते मला माहीत नाही.