तुळशीखालचा खुंट

महादेवराव,

अक्षर माहं, शेजारच्या अब्दुल गनीचं. निरोप तुमच्या सुभद्राबाईचा. त्याईले लिहिता येत नाही, आन् तोंडावर सांगवत नाही.

साहेबाच्या बंगल्यातून फुलाच्या वासासाठी बुचाचं रोप तुम्हीच आणून तुमच्या अंगणात लावलं. त्याच्या मुळांनी गल्लीची विहीर तडकली. म्युनिसिपल कमेटीचा जमादार चौकशीले यायच्या आधी तुम्ही झाड बुडातून कापलं, खुंटावर तुळशीची कुंडी ठेवली, आन् त्याले सांगितलं, बुच गनीच्या अंगणातला. मले ठाऊक होतं. पण तुमची तुळस हलवा म्हणाची माही छाती झाली नाही.

मुळं काढायचा हुकूम जमादारानं मलेच देला; दोन महिने मी माह्या अंगणातले फुटवे खणून राह्यलो, ते पुन्हा येतात. आज सकाळी कुंडीखालून फुटवा दिसला, तशा सुभद्राबाई आमच्या दारात आल्या. मान खाली घालून म्हणाल्या, "भाऊ, तुळशीले म्हणून रोज मीच पाणी घातलं. ते सारं त्या खुंटाले गेलं." मंग किती वेळ पदर तोंडावरून काढला नाही.

आता त्या माह्या बायकोसंगं, शाहजादीसंगं, आमच्या अंगणात फुटवे उपटून राह्यल्या. कापसाच्या जीनमधून आल्यावर तुम्ही जेवून घ्या, भाकर झाकून ठेवली आहे. खुंट खणायले माही कुदळ तुमच्या दाराशी ठेवली आहे.

कुंडी त्याईनं स्वतः उचलून आमच्या ओट्यावर आणली. आम्ही तिले हात लावला नाही. खुंट मुळासकट निघाल्यावर ती न्यायले तुम्हीच या, असं त्या म्हणतात. तोवर तिले पाणी घालणार नाहीत.

ऊन लय आहे, महादेवराव. तुळस सुकू देऊ नका.