संमतिपत्राचं तिसरं पान

३ मार्च, सोमवार

१९ जानेवारीला मी इथे लिहिलं होतं – ‘ओठ असा बधिर राहू शकतो, हे डॉक्टरांनी कोणालाच सांगितलं नव्हतं.’ हे चूक आहे. सांगितलं होतं. आत्याला!

आज दवाखान्यातून माझ्या जबड्याच्या ऑपरेशनच्या फाइलची नक्कल मिळाली. संमतिपत्राचं तिसरं पान. खालचा ओठ व हनुवटी बधिर होणे, काही रुग्णांत कायमची. हाडात बसवलेल्या प्लेटजवळ पू होणे. दात पुन्हा सरकणे. अशा सात ओळी. खाली शेरा – ‘रुग्णाच्या आत्यास समजावून सांगितले.’ आणि त्याखाली माझी सही.

मी औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरंही वाचते. पण त्या दिवशी आत्यानं बोट ठेवलं – ‘इथे कर. आता इथे.’ मी केली. दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे आत्याचं जेवणाचं टेबल. तिनं वाचलं म्हणजे मी वाचलं, असंच डोक्यात बसलेलं. मला वाचायला शिकवलं तिनं, आणि नेमकं हेच पान तिनं उलटून ठेवलं!

४ मार्च

ऑपरेशनला आठ महिने झाले. जबडा सरळ आहे. डोकेदुखी गेली, समोरच्या दातांनी सफरचंद तोडता येतं – हेही लिहायला हवं, नाहीतर पुन्हा अर्धंच लिहिल्यासारखं होईल. पण ओठ? आहे, पण माझा नाही. आज चहानं भाजला, ते आरशात फोड दिसल्यावर कळलं.

ऑफिसात मी पाण्याच्या तक्रारी फोनवर घेते. ‘पाइप फुटलाय का?’ हे तीनदा विचारावं लागलं. पलीकडचा माणूस – ‘बाई, आधी तोंडातला घास गिळा, मग बोला.’ शेजारच्या टेबलावरची फिसकन हसली. साहेब म्हणाले, काही दिवस फाइली लावा. काही दिवस!

६ मार्च, गुरुवार

तपासणी. डोळे मिटायला सांगून डॉक्टरांनी ओठाला सुई टोचली. ‘कळतंय?’ नाही. ‘थोडंसं?’ नाही. ‘अगदी जरासं?’ नाही म्हटलं ना! त्यांनी लिहिलं – ‘सुधारणा आहे.’ मी म्हटलं, खोडा ते. ते हसले – ‘अहो, एक्स-रे बघा की! इतका सुंदर निकाल क्वचित मिळतो.’

मी एक्स-रेनं जेवते का? – हे घरी येऊन चपला काढताना सुचलं. तिथे नुसती मान हलवून आले.

९ मार्च, रविवार

आत्याकडे गेले. नक्कल तिच्यापुढे ठेवली. तिनं चष्मासुद्धा लावला नाही.

‘सांगितलं असतं तर तू घाबरून केलंच नसतंस.’

‘मग नसतं केलं. ठरवायचं मी होतं, आत्या.’

‘अगं, आरशात बघ तरी स्वतःला! किती गोड दिसतेस.’ आणि बोलता बोलता पदरानं माझी हनुवटी पुसली. तिथे काही लागलंय, हे मला कळलंच नव्हतं. इतका संताप आला की रडूही येईना.

मग तिनं मनातलं बाहेर काढलं. बबीचं – तिच्या मुलीचं, एकोणीस वर्षांची आहे – तेच ऑपरेशन ठरलंय. जबडा आमच्या घराण्याचाच, डॉक्टर तेच. ‘अडून बसलीय. तू सांग तिला, काही होत नाही. तुझं ऐकते ती.’

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

१० मार्च

नाही म्हणायला हवं होतं.

१३ मार्च, गुरुवार

बबीचा फोन. माझं ‘बबी’ तिकडे ‘ववी’ ऐकू जातं. ‘कोण ववी? राँग नंबर!’ – खिदळत सुटली. मीही हसले. मग एकदम – ‘ताई, आई म्हणते तू खूश आहेस. खरं सांग. मला झोपेत श्वास अडकतो, त्यामुळे करावं लागेलच बहुतेक. पण तू म्हणशील तसं.’

मी म्हणेन तसं? हेच तर नको! उद्या मी बोट ठेवायचं आणि हिनं सही करायची?

‘तुला वाचायला दिलंय का काही?’

‘मंगळवारी अकराला सही आहे. आई वाचते ना सगळं.’

तेव्हाच सांगायला हवं होतं. ‘भेटल्यावर बोलू’ म्हणाले. भित्री कुठली!

१४ मार्च, शुक्रवार

बबीला सगळं सांगितलं. सातही ओळी, सफरचंदासकट. तिनं एकेक ओळ पुन्हा विचारली. मग म्हणाली, ‘मला ते पान स्वतः वाचायचंय.’

लगेच आत्याला फोन केला. म्हटलं – सही होईपर्यंत तू खोलीबाहेर बसायचं. मीही बाहेरच बसेन. आत फक्त बबी आणि ते कागद. तिला तासभर लागला तरी लागू दे.

‘तू मला बाहेर बसवणार?’

‘हो.’

मंगळवार, १८ मार्च. सकाळी अकरा – कॅलेंडरवर लिहून ठेवलं.