बेसिनचा टवका आणि ईस्टरचं हिरवं अंडं

लोम, ईस्टरनंतरचा बुधवार

प्रिय साडूभाऊ लाचेझार यांना तोन्चोचा सविनय नमस्कार.

ख्रिस्त उठला, आणि बुर्गासची समुद्राची हवा खाऊन तुमची कंबरही एव्हाना उठली असेल अशी आशा आहे. ताईंना नमस्कार सांगा. इकडे तुमची मेहुणी रुम्याना मजेत, सासूबाई माझ्याहून ठणठणीत. माझी तब्येत बरी आहे, अब्रूबद्दल पुढे लिहितो.

पवित्र गुरुवारी सकाळी दाढी करून गालाला घरची राकिया चोळत होतो (दारू असली तरी गालालाच). बाटली निसटली आणि बेसिनवर आपटली. बाटली वाचली. बेसिनच्या काठाचा घेवड्याच्या दाण्याएवढा टवका उडाला. ते बेसिन तुम्हाला माहीत आहेच: फिकट हिरवं, सासऱ्यांनी सोफियाहून आगगाडीत मांडीवर घेऊन आणलेलं. सासरे जाऊन बारा वर्षं झाली, तरी सासूबाई ते रोज स्वतः पुसतात, आणि डाव्या कोपऱ्यातली साबणदाणी दुसऱ्या कुणी हलवायची नाही, हा घरचा कायदा. त्या बहिणीकडे गावी गेल्या होत्या, शनिवारी परतणार होत्या. अकरा वर्षं त्यांच्या घरात राहून कमावलेला मान त्या टवक्याबरोबर गेला, असं मला वाटलं.

तेव्हा तुम्ही नाताळात दिलेल्या इपॉक्सीच्या दोन ट्यूबा आठवल्या. (अशी भेट पाहून मी तोंड वाकडं केलं होतं, त्याची माफी.) टवक्याची जागा पॉलिश पेपरनं घासली, कोरडी केली, दोन्ही ट्यूबांतलं सारखं घेऊन कालवलं. लगदा पांढरा, बेसिन हिरवं. पण त्या दिवशी घरात अंडी रंगवायची पूड असतेच, तिच्यातली चिमूटभर हिरवी टाकली. रंग असा जमला की मीच माझी पाठ थोपटली. चोवीस तास पाणी लागू द्यायचं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी स्वयंपाकघरात तोंडं धुतली. (रुम्यानाला सांगितलं, नळ बिघडलाय.)

इथवर थांबलो असतो तर ठीक होतं. पण लगदा उरला होता, पाच मिनिटांत त्याचा दगड होणार होता, आणि समोर उकडलेल्या अंड्यांची परात होती. ईस्टरला अंड्यावर अंडं आपटायच्या खेळात सासूबाईंचं अंडं सलग नऊ वर्षं कुणाला फोडता आलेलं नाही, हे तुम्ही स्वतः हरून पाहिलंय. मी एका अंड्याला लगद्याचा पातळ हात दिला, वाळल्यावर घासून गुळगुळीत केलं.

रविवारी माझ्या हिरव्या अंड्यानं रुम्यानाचं फोडलं, शेजारच्या गेर्गानाचं फोडलं, आणि मग सासूबाईंचं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. ज्याचं अंडं टिकतं त्याला वर्षभराचं आरोग्य, आणि सासूबाईंचा डॉक्टरपेक्षा त्यावरच जास्त भरवसा. शहात्तर वर्षांच्या बाईचं वर्ष मी लबाडीनं पळवलं, याची मला खरंच लाज वाटली. कबूल करायला तोंड उघडलं, तर त्यात मटण होतं. तेवढ्यात त्या माझं अंडं घेऊन हात धुवायला गेल्या.

थोड्या वेळानं आतून मला हाक आली. जाऊन पाहतो तर त्यांनी अंडं बेसिनच्या काठाशी, बरोबर माझ्या डागडुजीला लावून धरलेलं. रंग तंतोतंत एकच.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुमची कोंबडी माझ्या बेसिनवर बसून अंडी घालते का हो?"

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, दार लोटलं आणि साबणदाणी उचलली. खाली माझ्या टवक्याहून मोठा टवका, मेणबत्तीच्या मेणानं भरलेला.

"बेसिन आणलं त्याच आठवड्यात माझ्या हातून वर इस्त्री पडली. ते गेले, पण त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही."

असं म्हणून त्या हसू लागल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. मलाही भरून आलं. हिरवं अंडं त्यांनी खिशात टाकलं, म्हणाल्या, वर्ष माझंच. मी म्हटलं, तुमचंच.

तुमचा,
तोन्चो

ता. क. इपॉक्सीच्या आणखी दोन जोड्या पाठवा, पत्र त्यासाठीच लिहितोय. एक सासूबाईंच्या टवक्याला.

आणखी एक ता. क. दुसरी कशाला, ते सांगायचं नाही असं त्यांनी बजावलंय. पुढच्या ईस्टरला तुम्ही येणार हे कळल्यापासून त्या फार खुशीत आहेत. आपण साडू, म्हणून एवढंच लिहितो: पैज लावू नका.