हलक्या हाताने

१२ मार्च, रविवार दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांचे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र अजून ठणठणीत आहे.

गेल्या आठवड्यात गॅरेजात एक जुनी गाडी आली, तुझी लाडकी जात, मागे इंजिनवाली. तेल नुसतं गळत होतं. वरच्या झाकणांची पॅकिंग बदलली, नळ्यांची रबरी सील बदलली, तरी सकाळी खालच्या पुठ्ठ्यावर डाग आहेतच. बाबा म्हणाले, "गाडी आहे की गाळणी?"

शेवटी इंजिनच्या तळाचं गोल झाकण खोललं. नवं पॅकिंग घालून त्याचे सहा छोटे नट दोन बोटांनी आवळले, बस्स. काल पुठ्ठा कोरडा! बाबा खूश. म्हणाले, "शिकलीस बाई. धाकट्याला एवढंही जमलं नव्हतं."

तीन कागद फाडून आता लिहितेय.

नऊ वर्षांपूर्वी अशाच एका गाडीचं ते झाकण तू नीट बसवलं होतंस. तू जेवायला गेलास आणि मी पाना घेऊन सगळे नट पुन्हा आवळले. तुझ्या हातात जोर नाही असं वाटायचं मला. मोठी बहीण ना, राहवलं नाही! एक नट गरगर फिरायला लागला, आटे गेले. मी तेल पुसलं आणि गप्प बसले. त्या इंजिनात पाणी नसतं, वारा आणि तेलच त्याला थंड ठेवतात. गिऱ्हाईक गाडी घेऊन गेलं, तेल वाटेत सांडलं, इंजिन जाम झालं. बाबा गिऱ्हाइकासमोर तुला नाही नाही ते बोलले. तू बॅग भरलीस तेव्हाही मी दारातच उभी होते रे. एक शब्द बोलले नाही.

काल बाबांना सगळं सांगितलं. ते स्टुलावर बसले. बराच वेळ हातच पुसत राहिले.

"म्हणजे त्याचा हात बरोबर होता?"

"हो."

"तू लिही त्याला. मी पत्रात माफी मागणार नाही. समोर मागणार."

मग आत जाऊन त्यांनी तुझी खोली उघडली, खोकी बाहेर काढली. आज सकाळपासून पलंग दुरुस्त करतायत. मला हात लावू देत नाहीत.

मला माफ कर किंवा करू नकोस, पण त्यांच्यासाठी ये.

तेव्हा बोलायला हवं होतं ते आज बोलणारी,
तुझी ताई