शेळीला लस नाही मिळाली

मंगळवार, संध्याकाळ

शेळ्यांचे गुडघे सुजवणाऱ्या रेट्रोव्हायरसवरची आमची पेप्टाइड लस आज नापास झाली. टोचलेल्या शेळ्यांच्या रक्तात प्रतिपिंडं भरपूर दिसली, म्हणून आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी सकाळीच खव्याची जिलबी मागवली होती. पण त्याच रक्तातलं सीरम जिवंत विषाणूत मिसळून पेशींवर घातलं, तर विषाणू खुशाल आत शिरला. लशीतला विषाणूच्या प्रथिनाचा छोटासा तुकडा रक्त ओळखतं, अख्खा विषाणू नाही. माझंच काही चुकलं का? पुन्हा करून पाहिलं, तेच. सर म्हणाले, "काहून मन मारतेस? चलो, दुसरा तुकडा शोधू." जिलबीला मात्र कोणी हात लावला नाही.

परतताना वाटेवरच्या घमापूर वस्तीत, शेळ्या पाळणाऱ्या कमलादीदींकडे थांबले. त्यांची याच रोगानं आजारी शेळी आजच व्यायली.

"इंजेक्शन लाईं, मॅडमजी?"

मी नाही म्हणाले, लस अजून जमलीच नाही. वर सांगावं लागलं की पिल्लाला आईचं दूध नको, रोग दुधातूनच जातो.

"माँ के रहते बोतल?" दीदी चिडल्या. 

मीच पिल्लाला मांडीवर घेऊन गाईचं उकळून कोमट केलेलं दूध पाजलं. ते भराभर प्यायलं. दाराआड शेळी ओरडतच होती. दीदी उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या.