कमरेखालची भूल

मंगळवार, सानपाडा. संध्याकाळ.

दुपारीच घरी सोडलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी सकाळी विचारलं होतं, "पूर्ण झोपवू, की फक्त कमरेखाली बधिर करू?" मी म्हटलं, जागाच राहतो. नामस्मरण चालू ठेवायचं होतं. आणि अंडकोशातून बीज, एखादा तरी शुक्राणू, मिळाला की नाही, ते स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. दोष माझ्यात आहे हे रिपोर्टमध्ये आलं, तरी आईला पटलं नव्हतं. पंधरा वर्षं ती माझ्या बायकोला, वैशालीलाच वांझ म्हणतेय.

ऐकलं. छातीवरच्या हिरव्या कापडापलीकडून डॉक्टर म्हणाले, "उजवीकडेही काही नाही. शिवून घ्या." ही शेवटची आशा होती. मी त्या हिरव्या कापडाकडे बघत राहिलो. नाम कुठे सुटलं, आठवत नाही.

खाटेवर आणलं तेव्हा वैशाली माझे पाय चोळत होती. पायांना अजून काही कळत नव्हतं. आई तिला सुनावत होती, "तुझ्यापायी माझ्या लेकाला चिरून घ्यावं लागलं गं."

मी म्हटलं, "आई, तिच्यात काही नाही. बीज माझ्यातच नाही. आत्ता मी स्वतः ऐकलं."

आईने माझ्या कपाळावरून हात फिरवला. किती मायेने! शेजारच्या खाटेजवळच्या बाईला म्हणाली, "भूल उतरली न्हाय अजून. काय बी बरळतोय."

मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. तिने माझी चादर नीट केली आणि वैशालीकडे वळली. "ऐकलंस? सुदीत न्हाय, तरी तुलाच झाकतोय."