रीगाच्या मांजराची पाठ

४ जून
आज या घरात माझ्यावर घोर अन्याय झाला, त्याची नोंद असावी. फ्रीजवरच्या काळ्या मांजराने शेपूट उभारून माझ्या खुर्चीकडे पाठ केली. मांजर चिनी मातीचं, सईने लाटव्हियातून पाठवलेलं. (कन्या रीगाला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला.) वळवणारे हात सौ.चे.

मूळ मार्जारपुराण असं: रीगातल्या एका व्यापाऱ्याला तिथल्या महाजनांनी मंडळात घेतलं नाही म्हणे. त्याने समोरच्या आपल्या इमारतीच्या शिखरावर मांजरं बसवली, बूड मंडळाकडे. प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा कुठे ती वळली. हे सौ.ला मीच रंगवून सांगितलं. विद्या सत्पात्रीच द्यावी!

माझा अपराध: सई म्हणते, जूनऐवजी ऑगस्टमध्ये मस्कतला येते. घरमालकीण इल्झेबाई तिला २३ तारखेच्या उत्सवाला गावी नेणार, आणि जुलैत तिथेच हॉस्पिटलचं ट्रेनिंग. शेकोट्या, फुलांचे मुकुट, शहाजिरं घातलेलं चीज. "बाबा, इट्स लाइक होळी, पण रात्री पण उजेड!" मी म्हणालो, नाही, जूनमध्येच ये. का, ते सौ.ला सांगितलेलं नाही.

७ जून
अल् खुवैर, मस्कतमधली आमची वस्ती. इथे सूर्य मावळतो, ऊन मावळत नाही. ऑफिसात वसईच्या डिमेलोला सगळं सांगितलं. त्याचं आजोळ गोव्याचं.
"अरे, २४ला आमचा पण सण! डोक्यावर फुलांचा मुकुट घालून विहिरीत उड्या. ते आगीवरून मारतात, आम्ही पाण्यात. यल्ला, हो म्हण पोरीला."
मग हळूच, "तुझ्या रिन्यूअलचं काय?"
करार जुलैअखेर संपतो. अर्बाब, म्हणजे आमचे साहेब, विषय काढत नाहीत. मीही नाही.

१० जून
इल्झेबाईंचा वाढदिवस झाला. किती गुलाब द्यावेत, असं सईने काल विचारलं होतं. मी आमच्या विड्याच्या पानांचं शास्त्र लावलं: जोडी शुभ, बारा दे. आज फोन.
"बाबा! इथे इव्हन नंबर फक्त फ्युनरलला देतात! तू सांगितलंस ट्वेल्व्ह!"
"मग? बाई रागावल्या?"
"काउंट केले. मग एक काढून माझ्या केसांत लावला. म्हणाल्या, आता मी जिवंत."
सौ. मागून, "यांच्या शास्त्राने त्या बाईंचं और्ध्वदेहिकच उरकलं!" हसून हसून तिला ठसका लागला. मीही हसलो. फार दिवसांनी पोट दुखेपर्यंत.

११ जून
प्रायश्चित्त म्हणून होकार दिला. "जा. आगीवरून उडी मारताना ओढणी सांभाळ."
"बाबा, मी जीन्समध्ये असणार."
संध्याकाळी जेवायला बसलो तर मांजराचं तोंड माझ्याकडे. शिवाय पानात कोलंबी. दुसऱ्यांदा वाढली, न मागता.

१५ जून
सकाळी अर्बाबना शेवटी विचारलं. "इन्शाल्ला," म्हणाले, चहा मागवला, मुलीची चौकशी केली. माणूस चांगला आहे. त्यांनाही वरून काही कळलेलं नसावं.

सईचा निरोप: "माझी रूम तशीच ठेव हं. ऑगस्टमध्ये फ्रेंड्सना पण भेटायचंय." पोरगी जन्मली इथे, शाळा इथली. सांगलीच्या फ्लॅटमध्ये ती पाहुण्यासारखी.

नोकरी गेली तर रेसिडेन्सी गेली. नोकरीची तेवढी काळजी नाही, काहीतरी मिळेल. ऑगस्टमध्ये ती येईल तेव्हा हे घर आमच्याकडे असेल की नाही, मला माहीत नाही. तिला हे कसं सांगावं, तेही नाही.